पाचव्या महिन्यात का आलीस?

सरकारी दवाखान्यात उशिरा नाव नोंदवायला आलेल्या गरोदर बाईला बीपी मोजून घेण्याआधी एक प्रश्न ऐकावा लागतो : "इतके दिवस काय करत होतीस?" विचारणारी सिस्टर वाईट असते असं नाही. तिच्यासमोर भली मोठी रांग असते, रजिस्टरमध्ये 'बारा आठवड्यांच्या आत नोंदणी' असा रकाना असतो आणि तो रिकामा राहिला की वरून तिलाच विचारणा होते. पण या प्रश्नाला कुणाला उत्तर नको असतं. उत्तर ठरलेलं असतं. बाई अडाणी आहे, बेफिकीर आहे, आणि ती बुरख्यात असेल तर 'यांच्यात असंच असतं'.

वस्तीत काम करताना मी हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे आणि बायकांना दवाखान्याबाहेर, रिक्षात बसल्यावर, निवांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारला आहे. तेव्हा जी उत्तरं मिळतात त्यांत अडाणीपणा फार कमी आणि हिशेब फार जास्त असतो. या हिशेबात घर आहे, पैसा आहे, कागद आहेत, अपमान आहे आणि पोलीसही आहेत. आपले वाचक तरुण आहेत. त्यातले काही उद्या नवरे होतील, काही आज दीर, भाऊ, नणंदा आहेत, काहीजणी स्वतः या रांगेत उभ्या राहणार आहेत. म्हणून हा विषय.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातल्या ५८.६ टक्के मातांची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ७० टक्के झालं. म्हणजे सुधारणा आहे, पण दहातल्या तिघी अजूनही उशिरा जातात किंवा जातच नाहीत. चार किंवा अधिक तपासण्या झालेल्यांचं प्रमाण तर ५८.१ टक्केच आहे. या बायका सगळ्या धर्मांच्या आहेत. गडचिरोलीतली आदिवासी बाई, बीडची ऊसतोड करणारी बाई आणि भिवंडीतली कारखान्याच्या मागच्या खोलीत राहणारी बाई एकाच कारणाने उशीर करत नाहीत, पण तिघींनाही विचारला जाणारा प्रश्न एकच असतो. मी इथे तिसरीबद्दल लिहिणार आहे, कारण तिच्या घरात मला प्रवेश आहे.

महाराष्ट्रात माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० च्या मोजणीत लाखामागे ३३ होतं, देशात ९७. ही मोठी कमाई आहे. त्यामुळे कुणी म्हणेल, उशीर झाला तरी बाई वाचते ना? वाचते. पण बाळंतपणात जीव वाचणं एवढीच आपली अपेक्षा असेल तर ती फार तुटपुंजी आहे.

पहिल्या बारा आठवड्यांत नेमकं काय होतं ते समजून घेऊ, कारण 'तपासणीला जा' असं नुसतं सांगणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच माहीत नसतं. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब स्वाभाविकपणे थोडा खाली येतो. पहिल्यांदा बीपी पाचव्या महिन्यात मोजलं तर बाईला आधीपासूनच बीपीचा त्रास होता की नाही ते कळतच नाही. मग आठव्या महिन्यात ते चढलं की डॉक्टर अंधारात चाचपडतात. सुरुवातीच्या सोनोग्राफीत बाळंतपणाची तारीख बऱ्यापैकी नेमकी ठरते. तीच सोनोग्राफी शेवटच्या तीन महिन्यांत केली तर तारीख दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते, आणि मग 'तारीख उलटली' की 'दिवस भरायचे आहेत' यावरून गोंधळ. देशातल्या निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या रक्तात लोह कमी आहे. लोहाच्या गोळ्यांचा कोर्स १८० दिवसांचा असतो. सातव्या महिन्यात आलेल्या बाईकडे तेवढे दिवसच उरलेले नसतात. फॉलिक ॲसिडचं तर याहून अवघड. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्याच्या सुमाराला बंद होते. तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. ही गोळी खरं तर दिवस राहण्याआधीच सुरू करायला हवी, म्हणजे निकाहनंतर मूल हवं असं ठरलं त्या महिन्यापासून.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाच्या खास जवळची आहे. चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमियाचं होण्याची शक्यता चारात एक असते. बाईची साधी रक्ततपासणी वेळेवर झाली आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याची करायची. दोघंही वाहक असतील तर गर्भाची तपासणी दहा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान होऊ शकते. पाचव्या महिन्यात आलेल्या बाईचा हा रस्ता निघून गेलेला असतो. कायदा तिला अजून थोडी जागा देतो : २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, विशिष्ट परिस्थितीतल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने त्यापुढेही गर्भपात करता येतो. पण धार्मिक कुटुंबं कायद्याबरोबर आणखी एक दिनदर्शिका पाहतात. अनेक फकीहांच्या मते सबळ कारण असेल तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताला मुभा आहे, आणि मुस्लिम वर्ल्ड लीगच्या मक्केतल्या फिकह अकादमीने १९९० मध्ये गंभीर व्यंगाच्या बाबतीत ही मर्यादा मान्य केली. १२० दिवस गर्भ राहिल्यापासून मोजतात, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक. म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत एकोणीस आठवडे. आणि व्यंग शोधणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत होते! ज्या घराला मौलानांचा सल्ला महत्त्वाचा वाटतो त्या घराने तर इतरांपेक्षा लवकर दवाखाना गाठायला हवा. हे मी मौलानांना सांगितलं आहे आणि त्यांच्यापैकी जे ऐकतात त्यांना ते पटतंही.

आता उशिराकडे वळते.

पहिली अडचण 'सांगण्याची'. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा नियम मुसलमानांचा नाही, महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा आहे. आपल्याकडे तो "अब्बी किसी को बोलना नको, नजर लगती" अशा भाषेत येतो. यामागे एक खरी भीती आहे : गर्भ पडतो तो बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि पडल्यावर साऱ्या मोहल्ल्याला उत्तरं देत बसावं लागतं. म्हणून मी या रिवाजाला अंधश्रद्धा म्हणून हिणवत नाही. पण त्याचा परिणाम पाहा. आशाताई दारात आली की सासू म्हणते, "हमारे यहाँ कोई नहीं." दवाखाना मोहल्ल्यातच असेल तर तिथल्या रांगेत उभं राहणं म्हणजे जाहिरातच. ज्या तीन महिन्यांत जायचं तेच तीन महिने लपवायचे.

रमजानमध्ये हे आणखी टोकाला जातं. हैज असलेल्या बाईला रोजा नसतो, त्यामुळे चार-सहा दिवस तिने रोजा सोडला तर घरात कुणी विचारत नाही. पण पंधरा दिवस सलग सोडला की सगळ्यांना कळतं. मग कोवळ्या दिवसांतली सून ओकाऱ्या होत असताना रोजे ठेवते, का तर गुपित फुटू नये म्हणून. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सूट आहे, यावर कुठल्याही मसलकात वाद नाही; वाद असलाच तर नंतर कजा करायचा की फिदया द्यायचा एवढाच. सूट शरियतने दिली, ती हिरावून घेतली घराने.

दुसरी गोष्ट : पुष्कळ बायकांना कळतच नाही. मांडीवर सहा-आठ महिन्यांचं मूल आहे, अंगावर पाजते आहे, पाळी अजून सुरूच झालेली नाही आणि मधेच दिवस राहिले. पाळी चुकली हे कळायला ती आधी यावी तर लागते! पोटात हालचाल जाणवते तेव्हा चौथा-पाचवा महिना असतो. या बाईला 'इतके दिवस काय करत होतीस' विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. तपासणीची पट्टी मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते, आशाताईकडे 'निश्चय' नावाची फुकट मिळते. पाजणाऱ्या बाईला महिन्या-दोन महिन्यांनी एक पट्टी दिली तरी कितीतरी उशीर टळेल. इतका साधा उपाय कुठल्याच कार्यक्रमात नीट दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.

काहीजणींना कळलेलं असतं, पण ठरलेलं नसतं. तिसरं किंवा चौथं राहिलं आहे, नको आहे, नवऱ्याला हवं आहे किंवा नवऱ्यालाही नको पण सासूला हवं आहे. अशी बाई दवाखान्यात नाव घालायला जात नाही, कारण नाव घातलं की निर्णय झाला. मग मेडिकलमधून कुणाच्या तरी ओळखीने गोळ्या आणल्या जातात, थोडा रक्तस्राव होतो, सगळ्यांना वाटतं झालं. झालेलं नसतं. अशी बाई पाचव्या महिन्यात येते तेव्हा तिला शेवटच्या पाळीची तारीख विचारून काही उपयोग नसतो. तिच्यासाठी गर्भपाताची सुरक्षित सोय आणि गर्भारपणाची तपासणी एकाच दारातून, बोलणी न ऐकता मिळायला हवी. आपल्या मोहल्ल्यांत आजही पहिलीसाठी वेगळं, खर्चाचं आणि कुजबुजीचं दार आहे.

पैशाचा हिशेब तरुणांना लवकर समजेल. सरकारी तपासणी फुकट असते हे खरं. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातल्या तपासण्या, औषधं, बाळंतपण, सिझेरियन, सगळं मोफत आहे. पण फुकट दवाखान्याला जाण्याचा दिवस फुकट नसतो. मालेगावात नवरा लूमवर पाळीने काम करतो, पगार आठवड्याला आणि तोही कामाप्रमाणे. बाई घरी बसून काही ना काही करत असते, नगावर पैसे मिळतात. दवाखान्याचा दिवस म्हणजे दोघांपैकी एकाचा रोज बुडाला, मोठ्या मुलाला शेजारणीकडे ठेवावं लागलं, रिक्षाचे जाऊन-येऊन पैसे गेले. त्यातून 'सोनोग्राफीची मशीन बंद आहे, बाहेरून करून आणा' ऐकायला मिळालं तर त्या महिन्याचा किराणाच गेला. तब्येत बरी आहे, आधीची दोन बाळंतपणं सुखरूप झाली आहेत, मग तिसऱ्या महिन्यात हा खर्च कशासाठी? आजारी नसलेल्या माणसाने दवाखान्यात का जावं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहिला तर तिचं वागणं चमत्कारिक वाटणार नाही.

कागदांचा छळ वेगळाच. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये मिळतात, आणि आता दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. त्यासाठी लवकर नोंदणी आणि तपासणी हवी, म्हणजे योजनेचा हेतू चांगलाच आहे. पण आपल्या घरांत मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, निकाहनाम्यावर तिसरं असतं. कुठे शहनाज बी, कुठे शहनाजबानो, कुठे नुसतं शेख शहनाज. बऱ्याच मुली लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावत नाहीत, आणि ते लावायलाच हवं असा आपल्या धर्मात काही दंडक नाही. ऑपरेटरला ते कळत नाही. बँकेचं खातं माहेरच्या पत्त्यावर, ती सासरी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या महिन्यात पुन्हा गाव बदल, पुन्हा नवं कार्ड. 'कागद नीट झाले की जाऊ' म्हणत महिने निघून जातात. इथे एक गोष्ट मोठ्याने सांगितली पाहिजे : पैशाच्या योजनेसाठी आधार लागतं, बीपी मोजायला लागत नाही. कागद नाहीत म्हणून तपासणी नाकारली जात असेल तर ती नाकारणाऱ्याची चूक आहे, आणि तिथे आपल्यापैकी कुणीतरी बाईबरोबर उभं राहिलं पाहिजे.

'लेडी डॉक्टर नाही' ही तक्रार आपल्याकडची समजली जाते. मी कुणबी, मराठा, दलित घरांतल्या बायकांकडूनही ती ऐकली आहे, फक्त त्या तिला पर्दा म्हणत नाहीत. खरी माहिती दिली तर हा अडसर अर्धा होतो. पहिल्या तपासणीचं जवळजवळ सगळं काम, वजन, बीपी, रक्त, लघवी, धनुर्वाताचं इंजेक्शन, हे नर्सबाईच करते. आतून तपासणी पहिल्या खेपेला बहुतेक वेळा लागत नाही. पुरुष डॉक्टर असला तरी नर्सला सोबत थांबायला सांगण्याचा बाईला हक्क आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र सरकारलाच धरावं लागेल. स्त्री डॉक्टरांची पदं भरा ही मागणी मागासलेपणाची नाही.

आता अपमान. गरोदर मुसलमान बाईला ऐकवली जाणारी वाक्यं इथे लिहून दाखवण्याची गरज नाही, आपल्या अम्मीला विचारा. 'किती पोरं अजून?' हे त्यातलं सौम्य. बोलणाऱ्याला बहुधा हे ठाऊक नसतं की मुस्लिम स्त्रियांचा सरासरी प्रजनन दर १९९२-९३ च्या सर्वेक्षणात ४.४१ होता आणि २०१९-२१ मध्ये २.३६ वर आला आहे. तिशीच्या आतच इतका मोठा बदल याच बायकांनी घडवला, बऱ्याचदा घराशी भांडून. तरीही तिसऱ्या वेळी गरोदर राहिलेली बाई दवाखान्यात मान खाली घालून जाते. योजनेचे पैसे तिला नाहीत, बोलणी मात्र आहेत. मग ती शक्य तितक्या उशिरा जाते, म्हणजे बोलणी कमी वेळा खावी लागतील. सात खेपांऐवजी दोनच. हेही गणितच आहे.

इथपर्यंतचं लिहिणं सोपं होतं. पुढचं आपल्या चळवळीला अवघड आहे, म्हणून त्यावर जास्त शब्द खर्च करते.

महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातल्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं, असं पाचव्या फेरीचं सर्वेक्षण सांगतं. पुन्हा, सगळ्या धर्मांत. आपल्याकडे या लग्नांना एक जादा आडोसा आहे : वयात आली की निकाह चालतो, पंधरा पूर्ण म्हणजे वयात आली, असं मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या नावाने सांगितलं जातं. या आडोशाला आपण नेहमी विरोध केला आहे, आजही करतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार ठरवला. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की व्यक्तिगत कायद्याने झालेलं लग्न पोक्सोतून सुटका देत नाही. दोन्ही निकालांचं मी स्वागत करते.

पण या कायद्यांचं एक टोक थेट दवाखान्याच्या दारात येऊन टेकतं. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठराखालच्या मुलीशी संबंध झाल्याचं समजलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरसमोर पर्याय राहत नाही. ही गोष्ट आता प्रत्येक मोहल्ल्याला माहीत आहे. परिणाम काय झाला? लग्नं थांबली का? काही थांबली असतील. पण जी झाली त्यातल्या मुली दवाखान्यातून गायब झाल्या. वय एकोणीस सांगायचं, आधार विसरलं म्हणायचं, लांबच्या गावातलं नर्सिंग होम शोधायचं, तिथे न विचारण्याचे जास्त पैसे मोजायचे, आणि तेही नाही जमलं तर कळा सुरू झाल्यावरच, नाइलाजाने, मोठ्या दवाखान्यात न्यायचं. वय जितकं कमी तितका रक्तक्षय, बीपी आणि अडलेल्या बाळंतपणाचा धोका जास्त. ज्या मुलीला सगळ्यात आधी तपासायला हवं ती सगळ्यात शेवटी येते.

आसाममध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये बालविवाहाविरोधात मोहीम झाली आणि तीन हजारांहून जास्त माणसांना अटक झाली. नवरे तुरुंगात गेले, आणि गरोदर मुली दवाखान्यात जायला घाबरत असल्याच्या बातम्या आल्या. त्या मोहिमेला आपल्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. मला त्या वाजवता आल्या नाहीत. लग्न होऊन गेल्यावर, पोटात सहा महिन्यांचं बाळ असताना, कायदा पोहोचतो तो त्या मुलीच्या संरक्षणासाठी पोहोचत नाही.

मग काय, कायदा मागे घ्यायचा? नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे आणि त्यात लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. काझीसाहेबांनी निकाहच्या रजिस्टरमध्ये वयाचा पुरावा न पाहता सही केली तर ते या कायद्यात येतात. कायद्याचा जोर तिथे लागला पाहिजे, निकाहच्या आदल्या आठवड्यात, हॉल बुक करणाऱ्या बापावर, सही करणाऱ्या काझीवर, दावतीत जेवून आलेल्या नगरसेवकावर. प्रसूतिगृहात तो लागला तर फक्त मुलगी सापडते.

आणि दवाखान्यासाठी एक वाट न्यायालयानेच दाखवली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना, मुलगी आणि तिच्या पालकांची तशी विनंती असेल तर, डॉक्टरने पोक्सोखाली पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. म्हणजे गुन्ह्याची खबर पोहोचेल, पण मुलीचं नाव डॉक्टरपाशीच राहील. हा निकाल गर्भपातापुरता आहे. जी मुलगी मूल ठेवणार आहे तिच्या तपासणीलाही हेच संरक्षण मिळावं, ही मागणी आपण करायला हवी असं माझं मत आहे. आपल्या बैठकीत यावर मतभेद झाले. एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की नाव लपवलं तर जबरदस्तीने लग्न लावलेल्या मुलीला सोडवणारं कुणीच उरणार नाही. हा आक्षेप हलका नाही. माझं उत्तर एवढंच की ती मुलगी दवाखान्यात आलीच नाही तर तिच्यावर जबरदस्ती झाली हे कळणार तरी कुणाला? नर्ससमोर एकटीने बसायला मिळालं तर ती कधीतरी बोलेल. पडद्यामागे घरात बसवलेली मुलगी कुणाशी बोलणार?

१९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी बाळंतपणातल्या मृत्यूंमागे तीन उशीर असतात असं मांडलं होतं : उपचार घ्यायचे हे ठरवण्यातला, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. रस्ते झाले, १०८ची गाडी आली, दुसरा उशीर पुष्कळ ठिकाणी कमी झाला. पहिला मात्र घरात होतो आणि तिसऱ्याच्या भीतीने वाढतो. जिथे तिसऱ्या टप्प्यावर अपमान, बाहेरची सोनोग्राफी किंवा पोलीस भेटणार आहेत हे माहीत आहे, तिथे पहिल्या टप्प्यावर बाई थांबणारच.

घरातल्या पुरुषांशी थोडं बोलते. बायकोला दिवस गेलेत हे तुला सगळ्यात आधी कळतं. गुपित तीन महिने ठेवायचं तर ठेव, पण गुपित ठेवून दवाखान्यात जाता येतं. मोहल्ल्यातला नको तर दुसऱ्या वॉर्डातला बघ. लूमला शुक्रवारी सुट्टी असते, दवाखाना चालू असतो. जुम्याच्या नमाजाआधी दोन-तीन तास तुझ्या हातात असतात. अम्मी म्हणाली "हमारे वक्त में कहाँ था ये सब", तर तिला विचार, तिची किती मुलं झाली आणि किती जगली. हे भांडण म्हणून विचारू नकोस. बऱ्याच अम्मींना हे आजवर कुणी विचारलेलंच नसतं, आणि एकदा सांगायला लागल्या की त्याच सुनेला घेऊन रांगेत उभ्या राहतात, हे मी पाहिलं आहे.

दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे सुरू आहे. अभियान चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांसाठी आहे. त्याआधीची नोंदणी आणि पहिली तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात कुठल्याही कामाच्या दिवशी होते. मुंबईत आशाताईऐवजी महापालिकेच्या आरोग्यसेविकेला विचारा.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या वस्तीतल्या केंद्रावर एका गरोदर बाईसोबत जावं. किती वाजता पोहोचलात, किती वाजता सुटलात, बसायला बाकडं आणि प्यायला पाणी होतं का, रक्त तिथेच तपासलं की बाहेर पाठवलं, सोनोग्राफी झाली का, कुठला कागद मागितला, आणि कोण काय बोललं, हे लिहून आमच्याकडे पाठवा, मराठीत किंवा उर्दूत, जे सोयीचं असेल त्यात. बाईचं नाव आणि पत्ता लिहू नका. महिना किती भरला होता तेवढं मात्र लिहा.